स्टिक पूर्ण डावीकडे, तरी हेलिकॉप्टर उजवीकडे का कलंडते?

प्रश्न असा आहे. हेलिकॉप्टर जमिनीवरून अजून धड सुटलेलेही नसते. इंजिन ठणठणीत असते, वेग शून्य असतो, हवा स्वच्छ असते. तरी ते एका बाजूला झुकते आणि फिरत्या पात्यांसकट आडवे होते. पायलटने स्टिक उलट्या दिशेला पूर्ण दाबलेली असते, तरी ते थांबत नाही. असे का होते, आणि थांबवायचे कसे?

या अपघाताला वैमानिकांच्या बोलण्यात ‘डायनॅमिक रोलओव्हर’ म्हणतात. उत्तराचा गाभा आधी सांगतो. झुकायला लागलेल्या हेलिकॉप्टरला स्टिकने, म्हणजे सायक्लिकने, सावरता येईल असा काळ फार थोडा असतो. तो सरला की उपाय उरतो तो डाव्या हातातल्या कलेक्टिव्हचा, म्हणजे रोटरची उचल कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचा, आणि तो खाली न्यायचा असतो. घाबरलेला डावा हात मात्र वर खेचतो. बहुतेक वेळा अपघात होतो तो याच क्षणी.

हवेत तरंगणारे हेलिकॉप्टर आपल्या गुरुत्वमध्याभोवती झुलते. वरच्या रोटरला, म्हणजे फिरत्या पात्यांच्या संचाला, खालचे धड टांगलेले असते, म्हणून स्टिक डावीकडे नेली की ते डावीकडे कलते, उजवीकडे नेली की उजवीकडे. पायलटच्या हाताला हीच सवय लागलेली असते. पण एक स्किड, म्हणजे पोटाखालच्या दोन लांब आडव्या नळ्यांपैकी एक, जमिनीत अडकली, की फिरण्याचा बिंदू गुरुत्वमध्यातून निघून त्या स्किडवर येतो. दार जसे बिजागरीवर फिरते, तसे अख्खे यंत्र त्या स्किडवर फिरू लागते. बिजागरी एका कडेला आणि उचलणारी शक्ती मधोमध, म्हणजे ती शक्ती जितकी वाढवाल तितके दार जोरात उघडणार.

हे आकड्यांत पाहिले की जास्त पटते. रॉबिन्सन कंपनीच्या आर४४ या लहान हेलिकॉप्टरच्या जवळपासचे, सोयीसाठी गोल केलेले आकडे घेऊ. वजन ११०० किलो. दोन स्किडमधले अंतर २.२ मीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक स्किड १.१ मीटरवर. गुरुत्वमध्य जमिनीपासून १.३ मीटर आणि रोटरचा हब, म्हणजे पाती जोडलेला मधला भाग, ३.२ मीटर उंच. आता उजवी स्किड अडकली आहे असे धरा.

हेलिकॉप्टर सरळ उभे असताना वजन त्याला परत खाली बसवू पाहते. तो सावरणारा जोर ११०० गुणिले १.१, म्हणजे १२१० किलोग्रॅम-मीटर. रोटरचा थ्रस्ट, म्हणजे उचलणारी शक्ती, याच्या उलट, उजवीकडे पलटवतो, आणि त्याचा हातही (अडकलेल्या स्किडपासूनचे अंतर) १.१ मीटरचाच आहे. थ्रस्ट ५५० किलो असेल तर पलटवणारा जोर ६०५, म्हणजे वजनाचा जोर अजून दुप्पट आहे आणि काळजीचे कारण नाही. थ्रस्ट वजनाइतका झाला की दोन्ही समसमान होतात. ‘स्किडवर हलके होणे’ म्हणतात ती हीच घडी. या घडीला हेलिकॉप्टरला बसवून ठेवणारे काहीच उरत नाही, बाजूचा एखादा लहानसा धक्काही पुरतो.

आता ते दहा अंश उजवीकडे कलले. वजन सरळ खालीच ओढते, पण गुरुत्वमध्य स्किडच्या दिशेने सरकल्यामुळे त्याचा हात १.१ वरून साधारण ०.८६ मीटरवर येतो. वीस अंशांना तो ०.५९ होतो, तीस अंशांना ०.३० आणि चाळीस अंशांच्या आसपास शून्य. थ्रस्टचे तसे नाही. रोटर धडाला जोडलेला असल्यामुळे धड कलले की थ्रस्टही त्याच्यासोबत कलतो आणि त्याचा हात १.१ मीटरच राहतो. सावरणारा हात आखडत जातो, पलटवणारा तेवढाच राहतो. म्हणूनच एकदा सुरू झालेला कल आपोआप वेग घेतो.

मग पूर्ण डावी स्टिक काय करते? समजा तिने रोटरची चकती, म्हणजे फिरत्या पात्यांचे वर्तुळ, आठ अंश डावीकडे कलवली. थ्रस्टचा हात कमी होऊन ०.६४ मीटरवर येतो, पण तो स्किडच्या डावीकडेच राहतो. म्हणजे थ्रस्ट अजूनही उजवीकडेच पलटवतो आहे, फक्त कमी जोराने. थ्रस्टची रेषा बरोबर स्किडमधून जावी असे वाटत असेल तर चकती सुमारे एकोणीस अंश कलायला हवी, आणि सायक्लिकला तेवढी मुभा नसते. ‘स्टिक पूर्ण उलटी लावली तरी थांबले नाही’ याचा उलगडा असा आहे. स्टिक खराब नव्हती, पायलटची दिशाही चुकली नव्हती. उजवीकडे ढकलणारी शक्ती स्टिकने फक्त घटवली, उलटवली नाही.

दहा अंशांवरचाच हिशोब पुढे नेऊ. वजनाचा सावरणारा जोर ९४३. पूर्ण डाव्या स्टिकसह, थ्रस्ट वजनाइतकाच असेल तर पलटवणारा जोर सुमारे ७०८. अजून आशा आहे. पण पायलटने दचकून कलेक्टिव्ह थोडे वर ओढले आणि थ्रस्ट पंधरा टक्क्यांनी वाढला, तर तोच जोर ८१५ होतो. त्यात टेल रोटरचा, म्हणजे शेपटीवरच्या लहान रोटरचा, उजवीकडचा रेटा मिळवा. साधारण ६० किलो, जमिनीपासून १.८ मीटरवर, म्हणजे आणखी १०८. बेरीज ९२३. नऊशे त्रेचाळीसविरुद्ध नऊशे तेवीस, म्हणजे जवळजवळ काहीच उरले नाही. आणि हा हिशोब हेलिकॉप्टर दहा अंशांवर थबकले आहे असे मानून केला. प्रत्यक्षात ते फिरत असते, त्या गतीला थांबवायलाही जोर लागतो. म्हणून प्रशिक्षणाच्या पुस्तकांत नुसत्या स्टिकने परतण्याची मर्यादा पाच ते आठ अंश अशी दिलेली असते. इंजिन बंद असताना हेच यंत्र चाळीस अंशांपर्यंत कलूनही परत बसेल. उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला कलते, तेव्हा तिला तिच्या वजनाचा आधार शेवटपर्यंत असतो. थ्रस्टवर उचललेल्या हेलिकॉप्टरला तो नसतो.

आता त्याच दहा अंशांवर कलेक्टिव्ह खाली आणा. थ्रस्ट वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर आला की पलटवणारा जोर जेमतेम १४० उरतो, समोर ९४३ तसेच आहेत. हेलिकॉप्टर परत स्किडवर बसते. स्टिकने न सुटलेला प्रश्न कलेक्टिव्हने सुटतो. रॉबिन्सन कंपनीची १९८२ सालची नववी सुरक्षा सूचना याच विषयावर आहे, आणि तिचाही मुख्य निरोप हाच: नुसत्या उलट्या सायक्लिकने हे थांबत नाही, कलेक्टिव्ह लगेच खाली करा.

‘लगेच’ म्हणजे आपटून मात्र नव्हे. कलेक्टिव्ह धाडकन तळाला नेले तर वर उचललेली बाजू जोरात खाली येते, स्किड आपटून उसळी घेते आणि यंत्र दुसऱ्या बाजूला कलंडू शकते. पाती खाली लवून टेलबूमला, म्हणजे शेपटीच्या दांड्याला, लागण्याचाही धोका असतो. हाताची चाल गुळगुळीत हवी, पण तिच्यात विचार करायला थांबणे नको. दोन-तीन अंशांच्या कलाला कलेक्टिव्ह थोडे उतरवले की पुरते, आणि तिथेच उतरवले तर पुढचा प्रश्नच येत नाही. स्टिक त्या वेळी मध्याकडे, हळू.

कोणती बाजू जास्त धोक्याची, हे रोटर कोणत्या दिशेने फिरतो त्यावर ठरते. आर४४, बेल ४०७ यांचे रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यांचा टेल रोटर यंत्राला उजवीकडे ढकलतो, म्हणून उजवी स्किड अडकणे वाईट. डावीकडून येणारा वारा, उजवीकडे सरकलेला गुरुत्वमध्य (पायलट एकटा उजव्या सीटवर आणि डावी बाजू रिकामी) आणि डाव्या पेडलचा (नाक वळवणाऱ्या पायातल्या पट्टीचा) दाब, हे तिन्ही त्यात भर घालतात. एच१२५, चेतक, चीता यांचे रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतात. तिथे सगळे उलटे: डावी बाजू, उजवा वारा, उजवे पेडल. एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेलेल्या पायलटने पहिल्या काही उड्डाणांत हे तोंडाने म्हणून घ्यावे. पायांना जुनी सवय असते.

स्किड अडकते कशात? आपल्याकडे पहिले नाव काळ्या मातीचे. पावसानंतर हेलिकॉप्टर तासभर शेतात उभे राहिले की स्किडचा तळ बोटभर रुततो आणि माती त्याला खालून धरून ठेवते. उचलताना एक बाजू सुटते, दुसरी सुटत नाही. उन्हाळ्यात तीच माती हातभर खोल भेगाळते, आणि स्किडचे पुढचे वळलेले टोक भेगेत किंवा वाळलेल्या ढेकळाआड अडते. तिसरे, मे महिन्याच्या दुपारी मऊ झालेले डांबर. चौथे, कापलेल्या उसाची किंवा तुरीची खुंटे. बर्फाळ भागात रात्रभर गोठलेली स्किड. समुद्रातल्या डेकवर घसरू नये म्हणून टाकलेले जाळे, ज्यात चाक अडकत नाही पण स्किडचे टोक अडकते. आणि माणसांनी मागे ठेवलेल्या वस्तू: न सोडलेला दोर, न काढलेली हलवायची चाके, बॅटरी गाडीची केबल. एका बाजूचा दोर सोडला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला, तर ती बिजागरी मातीपेक्षाही पक्की असते.

म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या फेरीत दोन्ही स्किडची पूर्ण लांबी वाकून पाहिली पाहिजे, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. ओल्या मातीत बोट घालून पाहा. स्किडच्या कडेला मातीचा ओठ वर आला असेल तर ती रुतली आहे. कडेची माती खुरप्याने मोकळी करायला पाच मिनिटे लागतात. शेतातल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर चुन्याचा एच आणि वर्तुळ काढलेले असते, पाणी मारलेले असते. धुळीसाठी ते पाणी गरजेचेच आहे, पण काळ्या मातीवर जास्त मारले तर धूळ बसते आणि चिखल होतो. आदल्या संध्याकाळी भिजवून सकाळी हलके शिंपडणे हे तासभर आधी टँकर रिकामा करण्यापेक्षा कितीतरी चांगले. हेलिपॅड करून देणाऱ्या मंडळींना हे फोनवर आधीच सांगून ठेवावे.

आता उचलण्याची पद्धत. नाक वाऱ्याकडे. रोटरचे फेरे पूर्ण. कलेक्टिव्ह आणि सायक्लिकची फ्रिक्शन, म्हणजे दांडे घट्ट धरणारी पकड, सोडलेली. नजर स्किडजवळच्या जमिनीवर नको, पंधरा-वीस मीटर पुढे आणि क्षितिजावर हवी. जवळ पाहणाऱ्याला दोन अंशांचा कल कळतच नाही, क्षितिजाकडे पाहणाऱ्याला लगेच कळतो. उचलण्याचे दोन टप्पे करायचे. पहिल्यात कलेक्टिव्ह हळूहळू, स्किड हलक्या होईपर्यंतच वर घ्यायचे आणि तिथे थांबायचे. या थांब्यात तीन गोष्टी क्रमाने कळतात. नाक एका बाजूला वळू पाहते, ते पेडलने धरायचे. यंत्र पुढे-मागे घसरू पाहते, ते सायक्लिकने थोपवायचे. मग बाजूचा कल. तिन्ही शांत झाले की दुसरा टप्पा: आणखी थोडे कलेक्टिव्ह, सरळ वर, सुमारे दीड मीटरपर्यंत.

स्किड सुटताना ‘एकामागून एक’ सुटणे नेहमीचेच आहे. घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या रोटरला उजवा रेटा रोखायला चकती किंचित डावीकडे ठेवावी लागते, म्हणून हॉवरमध्ये, म्हणजे जागच्या जागी तरंगताना, डावी स्किड खाली राहते आणि शेवटी सुटते. हा दोन-तीन अंशांचा, एका जागी थांबणारा कल असतो. न थांबणारा कल तो धोक्याचा. कल थांबतो आहे की वाढतो आहे, हा एकच प्रश्न त्या थांब्यात मनात धरायचा. वाढत असेल तर कलेक्टिव्ह खाली, परत बसा, उतरून पाहा काय अडकले आहे. स्किड गोठली किंवा चिकटली आहे असा संशय असेल तर कलेक्टिव्ह खालीच ठेवून पेडलने नाक अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवून ती सुटते का ते पाहता येते. थ्रस्ट वाढवून ‘उपटून’ काढायचा प्रयत्न कधीच करू नये.

नवशिक्यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते, कारण ती पुस्तकात एका ओळीत निघून जाते. दोन पात्यांच्या झुलत्या रोटरमध्ये सायक्लिकची सगळी ताकद थ्रस्टमधून येते. कलेक्टिव्ह तळाला असताना थ्रस्ट नगण्य, म्हणून स्टिक चार बोटे उजवीकडे गेली तरी यंत्र ढिम्म हलत नाही. शिकणाऱ्याला वाटते स्टिक मध्यावर आहे. मग तो कलेक्टिव्ह उचलू लागतो, थ्रस्ट येतो, आणि ती चार बोटांची चूक एकदम जागी होते. चकती आधीच कललेली असते, यंत्र त्या बाजूला जोरात झुकते. उपाय सोपा आहे. कलेक्टिव्हला हात लावण्यापूर्वी पात्यांच्या टोकांनी हवेत काढलेली रेषा क्षितिजाशी समांतर आहे का ते डोळ्यांनी पाहा. स्टिक कुठे आहे हे हाताला विचारू नका, चकतीला विचारा. एच१४५ सारख्या ताठ रोटरच्या यंत्रांत उलटा प्रश्न येतो. तिथे स्टिक जमिनीवरही धडाला थेट पिळते, म्हणून जमिनीवर ती मोठी हलवणे हीच चूक.

उतारावर हाच धोका दुप्पट. बहुतेक हेलिकॉप्टरांसाठी पाच अंशांचा उतार ही नेहमीच्या कामाची हद्द धरतात, पण शेवटचा शब्द त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेचा. उचलताना सायक्लिक चढाच्या बाजूला धरायचे, कलेक्टिव्ह वर घेत आधी उताराकडची स्किड उचलायची, यंत्र सपाट होत जाईल तसतशी स्टिक मध्यावर आणायची, सपाट झाल्यावर क्षणभर थांबायचे आणि मग सरळ वर. दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, स्टिक चढाकडेच धरून ठेवणे. मग उताराकडची स्किड सपाट रेषेच्या वर जाते आणि यंत्र चढाकडच्या स्किडवर कलंडते. दुसरी, चढाकडची स्किड आधी सुटणे. ती सुटताना दिसली की खालची स्किड कशात तरी अडकली आहे असेच समजा आणि कलेक्टिव्ह हळूच खाली करा. हवेत गेल्यावर शेपूट चढाकडे वळवू नका, टेल रोटरला तिथे जागा नसते.

एका गोंधळाबद्दल बजावून सांगायला हवे, कारण त्याचा उपाय नेमका उलटा आहे. तीन पात्यांच्या, बिजागऱ्यांच्या रोटरमध्ये जमिनीवर कधी कधी यंत्र स्वतःच थरथरू लागते आणि प्रत्येक फेऱ्याला ते हादरे वाढत जातात. त्याला ग्राउंड रेझोनन्स म्हणतात. चेतकसारख्या यंत्रात त्यामागे हादरे जिरवणारे भाग, म्हणजे पात्यांचे डॅम्पर किंवा चाकांचे शॉक स्ट्रट, नादुरुस्त असणे हे कारण असू शकते. तिथे रोटरचे फेरे पूर्ण असतील तर यंत्र उचलून जमिनीपासून सोडवणे हा उपाय. फेरे कमी असतील तर कलेक्टिव्ह खाली आणि इंजिन बंद. रोलओव्हरमध्ये उचलणे म्हणजे अपघात पूर्ण करणे. फरक अंगाला कळतो: रेझोनन्समध्ये दोन्ही बाजूंना हेलकावे, लयीत, वाढत जाणारे. रोलओव्हरमध्ये एकाच बाजूला, न थांबणारा, गुळगुळीत कल. आर४४ मध्ये दोनच पाती असल्यामुळे पहिला प्रकार होत नाही, म्हणून तिथे बाजूचा वाढता कल दिसला तर संशयाला जागाच नाही.

कल हाताबाहेर गेला तर पाती जमिनीला लागायला एक-दोन सेकंदच उरतात. त्या वेळी दारावर किंवा छतावर हात टेकवून सावरायचा मोह होतो. हात आत घ्या, पट्टे घट्ट असू द्या. पाती तुटून शंभर मीटरपलीकडेही जाऊ शकतात, म्हणून बघे आणि स्वागताची मंडळी हेलिकॉप्टरच्या आसपास उभी करायची नाहीत. यंत्र आडवे होऊन थांबले की इंधन बंद, बॅटरी मास्टर बंद, आणि फिरणारे सगळे थांबेपर्यंत आतच राहायचे. त्यानंतर मात्र वेळ घालवायचा नाही. टाकी फुटली असेल तर इंधन गरम एग्झॉस्टवर येते. जुन्या आर४४ च्या धातूच्या टाक्यांच्या जागी रबरी ब्लॅडर टाक्या बसवायला लावल्या, त्या अशाच साध्या कलंडण्यानंतर लागणाऱ्या आगींमुळे. वरच्या सीटवरचा माणूस पट्ट्याला लोंबकळत असतो. त्याने एक हात खालच्या आधाराला टेकवून, पाय रोवून मगच बकल सोडायचे, नाहीतर तो खालच्या माणसावर मानेवर पडतो. बाहेर पडायचे वरच्या दारातून किंवा फुटलेल्या पुढच्या काचेतून, आणि लांब जायचे ते वारा जिकडून येतो त्या बाजूला.